पूजेतली पहार

“तुमच्या शेडनं ते जुनं डिझेल इंजिन किती छान जपून ठेवलंय हो,” असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. जपून ठेवलंय! अहो, आत काय आहे ते बघितलंत का? दारं वेल्डिंगनं बंद केली आहेत. सोळा सिलिंडर काढून भंगारात दिले, जनरेटर काढला, बॅटऱ्या काढल्या. वर निळा रंग, खाली सिमेंटचा चबुतरा, चारी बाजूंनी साखळी. लग्नाच्या आधीचे फोटो काढायला जोडपी येतात. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, नाशिकरोडला, आणि मी बाजारात जायला लांबचा रस्ता धरते.

मी टेक्निशियन आहे. डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये सव्वीस वर्षं झाली. शेडचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या हातात कारवाईचा कागद पडेल. लागले तेव्हा पूर्ण शेडमध्ये मी एकटी बाई. बायकांसाठी मुतारी नव्हती, बाजूच्या ऑफिसात जावं लागायचं आणि तिथला शिपाई दर वेळी घड्याळ बघायचा. पहिल्या आठवड्यात तेव्हाच्या साहेबांनी मला रजिस्टरं लिहायला बसवलं. मी बसले नाही. माझ्या नेमणुकीच्या कागदावर फिटर लिहिलं होतं, कारकून नाही.

मला हाताशी घेतलं ते चाचांनी. चाचा मालेगावचे. घरात सगळे लूमवर, भाऊ, पुतणे, सगळे विणकर. हे एकटेच रेल्वेत आले आणि डिझेलचे उस्ताद झाले. बुटके, कानानं थोडे कमी, त्यामुळे कुजबुजसुद्धा ओरडून करायचे. पहिल्या दिवशी मला म्हणाले, “बेटा, पान्याला बाई-पुरुष कळत नाही. नट सुटला पाहिजे, बस.” एवढंच स्वागत झालं, पण मला तेवढं पुरलं.

हे इंजिन त्यांचं लाडकं होतं. शेडमधलं सगळ्यात जुनं. मनमाडच्या पुढे दौंडच्या बाजूला तारा आल्या नव्हत्या तोवर तिकडच्या गाड्या डिझेलवर चालायच्या. विजेचं इंजिन मनमाडला सोडायचं आणि आमचं पुढे लागायचं. उन्हाळ्यात अंगावर हात ठेववत नसे. एक्झॉस्टमधून काळा धूर आला की चाचा लांबून सांगायचे, कितव्या सिलिंडरचा इंजेक्टर गेलाय. मी म्हणायचे, थापा मारता. मग उघडून बघायचं, आणि तोच निघायचा. हे इंजिन आम्ही दोघांनी मिळून किती वेळा पूर्ण उघडलं आणि जोडलं याची मोजदाद नाही. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे ते याच्याच झाकणाखाली सापडून.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. असं इंजिन दोन-चार दिवस उभं राहिलं की थेट बटण दाबून चालू करत नाहीत. आधी हातानं फिरवतात. एक लांब पहार असते, ती जनरेटरच्या बाजूच्या चाकात घालायची आणि दोघांनी जोर लावून इंजिन हळूहळू दोन फेरे फिरवायचं. त्या वेळी प्रत्येक सिलिंडरची छोटी तोटी उघडी ठेवायची. आत कुठं पाणी शिरलं असेल तर तोटीतून पिचकारी उडते. कारण पाणी दबत नाही. हवा दबते, डिझेलची वाफ दबते, पाणी नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन चालू केलं तर पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि मनगटाएवढा जाड दांडा वाकतो. मग सगळं संपलं. हे शेडमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. चाचा तर म्हणायचे, “पहार म्हणजे इंजिनाला विचारणं. न विचारता कुणाच्या घरात घुसायचं नाही.”

पुढे तारा सगळीकडे आल्या. डिझेलं एकेक करून भंगारात गेली. चाचा निवृत्त होऊन मालेगावला गेले, गुडघे गेले, घराबाहेर पडणं बंद झालं. हे एक इंजिन उरलं. वरून पत्र आलं की जुनं आहे म्हणून जतन करायचा विचार आहे. त्यात दोन पर्याय. एक, चालू स्थितीत राखायचं, म्हणजे सणावारी, कार्यक्रमाला स्वतःच्या ताकदीवर चालवायचं. दुसरा, चबुतऱ्यावर ठेवायचं. कमिटी येऊन बघणार, इंजिन चालू झालं तर पहिला पर्याय, नाही झालं तर दुसरा. असा साधा हिशोब होता.

मी चंग बांधला. मी आणि माझ्याबरोबरचा फिटर, वणीच्या बाजूचा माणूस, अबोल पण हाताचा सोन्यासारखा. दर मंगळवारी आम्ही दोघं पहार फिरवायचो. महिन्यातून एकदा चालू करायचो. पार्ट मिळत नव्हते. भंगाराच्या लायनीत उभ्या असलेल्या इंजिनांतून काढून आणले. धुराड्यात पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून मी स्वतः पत्र्याचं झाकण केलं, कडेला रबर लावून. ड्युटी संपल्यावर थांबायचे. नवरा म्हणायचा, “घरात मिक्सर बंद पडलाय सहा महिने, तो तरी बघ.” तो अजून बंदच आहे.

साहेब नवे होते. तरुण, गोड बोलणारे, इंजिनाला ‘शोपीस’ म्हणणारे. त्यांना एकच काळजी, रंग. कोणता निळा, पट्टा किती रुंद, आकडे कसे लिहायचे. मी म्हटलं, “साहेब, आधी वॉटर पंपाची सील बघू.” ते म्हणाले, “ताई, सील फोटोत येत नाही.” मी तोंडावर हसले आणि मनात शंभर शिव्या दिल्या.

कमिटी दसऱ्यानंतर येणार होती. अचानक फोन आला, दसऱ्याच्या आदल्या दिवशीच येणार. का? तर दसऱ्याला त्यांना आपापल्या घरी जायचं होतं. आणि आमच्याकडे आदला दिवस म्हणजे खंडेनवमी! शेडमध्ये हत्यारांची पूजा. सगळे पाने, जॅक, टॉर्क रेंच, हातोडे धुऊनपुसून सतरंजीवर मांडायचे, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्या हत्यारांना हात लावायचा नाही. हे आमच्याकडे सगळे मानतात.

आता या पूजेचं सांगते, कारण खरी आग इथंच आहे. सव्वीस वर्षं मी त्या पूजेत काय केलं? रांगोळी काढली. “ताई, तुमची रांगोळी फार छान असते हो.” नारळाचे तुकडे केले. प्रसाद वाटला. पूजा पुरुष करायचे, ज्येष्ठ फिटर. मी कुणाला काही बोलले नाही, पण दर वर्षी रांगोळीचा डबा हातात घेतला की जिवाची तगमग व्हायची. यंदा सगळ्यात ज्येष्ठ मीच होते. एकदोघांनी नाक मुरडलं, तेव्हा वणीवाला फिटर एकच वाक्य बोलला, “पूजा ताईच करतील.” बस्स. मी घरून चांगली साडी नेसून आले, वर युनिफॉर्मचा कोट घातला. नारळ एका दणक्यात फोडला. पाणी सगळ्या हत्यारांवर शिंपडलं. डोळ्यांत पाणी आलं ते कुणाला दिसू दिलं नाही.

आणि एक गोष्ट आहे जी मी चौकशीत सांगितली नाही. पूजेत पहार ठेवायची नसते. चाचांनी ती पद्धत पाडली होती. सगळी हत्यारं पूजेत, पण पहार बाहेर, भिंतीला टेकून. “सगळ्यांना सुट्टी, पहार ड्युटीवर,” असं म्हणायचे. खंडेनवमीलाही इंजिन बाहेर काढायची वेळ येते. कुणी तक्रार केली नाही, कारण सगळ्यांना कारण माहीत होतं. चाचा निवृत्त झाल्यावर दर वर्षी ती पहार मीच बाहेर ठेवत होते, कुणी न सांगता. यंदा मात्र मी तिला घासूनपुसून, तेल लावून, मध्यभागी ठेवलं. हार घातला. मला वाटलं, या इंजिनासाठी दर मंगळवारी हीच राबली, पहिला मान हिचा. माझी पूजा होती ना, माझ्या हातची पहिली पूजा. मग काय, तिथं सगळं नीट, भरगच्च असायला हवं होतं. कमिटी त्याच दिवशी येणार, हे त्या भरात मला सुचलंच नाही.

कमिटी अकराच्या सुमारास आली. तिघं होते. पूजा बघून हात जोडले, प्रसाद खाल्ला, फोटो काढले. मग साहेब म्हणाले, “चला, इंजिन चालू करून दाखवू. ताई, पहार घ्या.”

मी म्हटलं, “साहेब, पहार पूजेत आहे. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की फिरवू. उद्या दुपारी या.”

“उद्या हे नसतील.”

“मग परवा.”

साहेबांचा चेहरा उतरला. कमिटीसमोर असं बोललेलं त्यांना आवडलं नाही. “मागच्या मंगळवारी फिरवलं होतं ना? आज शनिवार. चार दिवसांत काय होतंय?”

“नियम म्हणजे नियम, साहेब. चालू करायच्या आधी फिरवायचंच.”

तेव्हा ते कमिटीकडे वळून हसत म्हणाले, “आमच्या ताईंचं हे असं असतं. बायकांची पूजा मध्ये आली की रेल्वे थांबते.” तिघंही हसले. मोठ्यानं नाही, पण हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षांची रांगोळी माझ्या डोळ्यांसमोर आली. वणीवाला फिटर माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत प्रश्न होता, काय करू? मी नजर वळवली. साहेबांना म्हटलं, “करा मग. तुमचं इंजिन, तुमची कमिटी, तुमचं बटण.” आणि हाताची घडी घालून बाजूला उभी राहिले.

मला माहीत नव्हतं की आतमध्ये पाणी आहे. देवाशपथ माहीत नव्हतं. नंतर कळलं. दोन दिवस आधी, गुरुवारी, रंगाच्या कंत्राटदाराची माणसं आली होती. त्यांनी छत रंगवायला माझं झाकण काढलं, आणि रंगाआधी धूळ जावी म्हणून प्रेशरच्या पाइपनं सगळं इंजिन धुतलं, वरून, धुराड्याच्या तोंडावरूनही. झाकण परत लावलं नाही, आणि खालून ते दिसत नाही. गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. साहेबांनी त्यांना कुणाच्या देखरेखीखाली काम करा असं सांगितलं नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून काय? माहीत नसतं म्हणूनच तर पहार फिरवतात!

साहेब स्वतः वर चढले. हौस होती ना. बॅटरीचा स्विच टाकला, तेल चढू दिलं, बटण दाबलं. इंजिन फिरायला लागलं. एक फेरा, दोन फेरे, कुठल्या तरी दोन सिलिंडरनी पेट घेतला, धुराड्यातून पांढरं काहीतरी उडालं, आणि धाड! शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उठली. त्यानंतर इंजिन नुसतं घुरघुरलं आणि गप्प झालं. खालून तेल गळायला लागलं, पाण्यात मिसळलेलं, दुधाळ चहाच्या रंगाचं. वणीवाला वाकून बघत होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “ब्लॉक फुटला, ताई.” म्हणजे ज्यात सगळे सिलिंडर बसतात तो मूळ सांगाडाच तडकला, आता दुरुस्ती नाही.

कमिटीनं दहा मिनिटांत कागद लिहिला. चबुतरा. गाडीत बसले आणि गेले. दसऱ्याला घरी पोचले असतील, सोनं वाटलं असेल.

पुढे चौकशी झाली. साहेबांनी सांगितलं, ताईंनी पहार द्यायला नकार दिला. पण तेवढं बोलून ते अडकले. सगळं शेड माझ्या बाजूनं उभं राहिलं. पूजेतल्या हत्याराला हात लावायला सांगता? भावना दुखावता? ताईंचा अपमान करता? साहेब घाबरले. शब्द मागे घेतले, माफी मागितली. चौकशीवाल्यांनी मला विचारलं, “पहार का फिरवली नाही?” मी सांगितलं, पूजेत होती, साहेबांनी घाई केली, कंत्राटदारानं धुराड्यात पाणी सोडलं, माझी सुट्टी होती. यातला एकही शब्द खोटा नाही. पहार पूजेत का होती, हे कुणी विचारलंच नाही. कोण विचारणार? विचारायची हिंमत कुणाची? मीही मूग गिळून बसले. साहेबांची बदली झाली. मला लोकांनी हार घातला.

हाराचं ओझं किती असतं ते मला तेव्हा कळलं. राग मात्र जाईना. साहेबांचा राग, कंत्राटदाराचा राग, हसलेल्या त्या तिघांचा राग. रात्रंदिवस मी मनातल्या मनात भांडायचे. भांडण नेहमी जिंकायचे, तरी झोप लागायची नाही.

चाचांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. म्हणजे चौकशीत सांगितलं तेवढंच. ते फोनवर ओरडले होते, साहेबाला उर्दूत काय काय म्हणाले. मालेगावात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते म्हणे, आमच्या पोरीचं ऐकलं नाही, इंजिन मारलं. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. एका रविवारी मी बसनं मालेगावला गेले.

घराच्या खालीच लूम चालतात, खटखट खटखट, बोलायचं तर ओरडूनच. चाचा खाटेवर बसले होते, पाय उशीवर. मला बघून खूश झाले. चहा आला. मी चहाला हात न लावता सांगितलं. “चाचा, पहार मी पूजेत ठेवली होती.”

त्यांना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. “क्या?”

मी पुन्हा ओरडून सांगितलं. आपलाच गुन्हा दोनदा ओरडून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. खाली लूमवरच्या माणसानंही ऐकलं असेल.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग विचारलं, “साहेब चढला तेव्हा तू कुठं होतीस?”

“बाजूला. हाताची घडी घालून.”

“‘थांबा’ म्हणालीस?”

“नाही. ‘करा मग’ म्हणाले.”

“का?”

“ते हसले, चाचा. बायकांची पूजा म्हणून हसले.”

“हसले तर हसू दे ना!” चाचा एवढे ओरडले की सून आतून बाहेर आली. “माझ्यावर हसले नाहीत? लूमवाल्याचा पोरगा डिझेलला हात लावतो म्हणून हसले, दाढीवर हसले, बहिरा म्हणून हसले. मी पहार सोडली का?” त्यांचा श्वास लागला. थोडं थांबून, पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “बटण दाबणाऱ्याला पहार माहीत नव्हती, बेटा. तुला माहीत होती.”

मला राग आला. खरं सांगते, त्यांचाच राग आला. एवढ्या लांब येऊन खरं बोलले, तर हे मलाच! मी उठले, चहा तसाच सोडला, बस पकडली. चांदवडपर्यंत चाचांशी मनात भांडले, साहेबांशी भांडायचे तशीच. चांदवडच्या घाटात माझ्या लक्षात आलं की हे भांडण मी हरतेय. 

सोमवारी मी कागद लिहून नेला. पहार बाहेर ठेवायची पद्धत आहे, ती मला माहीत होती, मी ती मोडली, आणि चालू करताना थांबवायला हवं होतं ते मी रागानं थांबवलं नाही. माझी सही केली. नव्या साहेबांनी वाचला, दोनदा वाचला, आणि परत माझ्यापुढे सरकवला. “ताई, फाइल बंद झाली. सगळं शांत झालंय. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता?”

मी म्हटलं, “साहेब, त्या दिवशी मला एकच शब्द बोलायचा होता. तो मी बोलले नाही. आता निदान हे घ्या.”

“घेऊन काय करू? इंजिन चालू होणार आहे का?”

नाही होणार. हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवला आणि बाहेर आले. आत साहेब शिपायाला म्हणत होते, “ताईंना हाक मार, कागद राहिला म्हणावं.” शिपाई मागून हाका मारत होता. मी थांबले नाही.